आठ वाजताचा फोटो

४०८७ नंतर पडद्यावर एकदम ४०८९ आला.

सासऱ्यांनी चष्मा नाकावर नीट बसवला. "जावईबापू, जरा मागे घ्या. मधला एक कुठे गेला?"

"खराब होता, बाबा. काढला." जावई मान न वळवता बोलला, हेही सासऱ्यांनी टिपलं.

नदीवरच्या पुलाचं काम सुरू झालं त्या दिवशी त्यांनी गच्चीवर काचेच्या पेटीत कॅमेरा बसवला होता. सकाळी आठपासून संध्याकाळी सहापर्यंत, दर दहा मिनिटांनी एक फोटो. आता पूल उभा राहिला होता आणि सव्वा वर्षाचे फोटो जोडून फिल्म करायची होती. ती कशी करायची, यावर दोघांचा आठवडाभर वाद झाला. जावई म्हणत होता, सगळं कॉम्प्युटरवर सोडा, तो उजेड सारखा करतो, बिघडलेले फोटोही शोधून काढतो. सासऱ्यांची हयात स्टुडिओत गेलेली. "ढग आला की अंधारतंच. ढगालाही तुम्ही पावडर लावणार का?" शेवटी ठरलं, की उजेड कॉम्प्युटरने बघावा, पण निवड दोघांनी बसून डोळ्यांनी करायची.

आणि जावई एकटाच आधी निवडून मोकळा झाला होता.

सासऱ्यांनी माउस स्वतःकडे ओढला. ४१४८, मग ४१५०. त्यापुढच्या दिवशीही एक गायब. त्याच्याही पुढच्या. दर वेळी आठचा, दिवसातला पहिलाच.

"रोज एकच खराब होतो? तोही घड्याळ लावून?"

"काचेवर काहीतरी यायचं."

"काहीतरी म्हणजे काय? कावळा कामाला ठेवला होता का आठच्या ठोक्याला?"

जावई हसला नाही. एरवी हसला असता. पाणी मुरतंय, याची सासऱ्यांना आता खात्रीच पटली. ते भरभर पुढे गेले. एका तारखेनंतर मात्र एकही नंबर गाळलेला नव्हता. त्यांचा हात माउसवरच थांबला. तीन महिन्यांपूर्वी बायको गेली, ती तारीख.

त्या दिवशीसुद्धा ती काच पुसूनच खाली आली होती. ते रोज ओरडायचे, "मध्ये नऊ मिनिटं मोकळी असतात, तू नेमकी फोटोच्या वेळीच कशी कडमडतेस?" ती म्हणायची, "खट् ऐकू आल्याशिवाय मला कसं कळणार, तुमचं यंत्र जिवंत आहे की नाही ते?"

"काढलेले फोटो कुठे आहेत?"

"राहू द्या ना, बाबा."

"पुसून टाकलेत?"

"नाही. वेगळे ठेवलेत."

"दाखवा."

जावयाने घुटमळत दुसरा फोल्डर उघडला आणि फोटो एकापाठोपाठ सोडले. आधी पिवळं फडकं धरलेला पंजा काचेच्या वरच्या कोपऱ्यापर्यंत पोचत होता. मग तो खाली येऊ लागला, काचेच्या मध्यापर्यंत, मग त्याच्याही खाली. मग दुसरा हात दिसू लागला, पेटीची कड घट्ट धरलेला. शेवटी फडकं नुसतंच लोंबत होतं आणि काचेच्या कडेला कपाळ टेकलेलं होतं, डोळे मिटलेले. पडदा काळा झाला. सगळं मिळून पंधरा सेकंदही नव्हते.

"मी रोज बघत होतो तिला," सासरे म्हणाले. "रोज."

"सुटे बघताना मलाही काही कळलं नव्हतं, बाबा. एकापुढे एक लावल्यावर कळलं. म्हणून तुमच्यासमोर..." त्याने वाक्य सोडून दिलं.

सासऱ्यांनी चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसला आणि पुन्हा घातला.

"सेकंदाला किती फोटो जातात हे?"

"पंचवीस."

"एक करा."

"बाबा, अशी फिल्म होत नाही. नुसते थांबून थांबून फोटो दिसतील."

"दिसू द्या," सासरे म्हणाले, आणि खुर्ची पडद्याजवळ ओढून बसले.