सोडायची खूण

पालेगावच्या सोसायटीत बायकांसाठी स्वसंरक्षणाचा क्लास सुरू झाला, तेव्हा पहिलं नाव रुचिकाने दिलं. मनगट कसं वळवलं की समोरचा कळवळून आपण नेऊ तिकडे येतो, ते मॅडमनी शिकवलं. नियम एकच होता, जिला दुखेल तिने दोनदा थोपटायचं, की दुसरीने लगेच हात सोडायचा. घरी सरावाला सासूबाई हौसेने बसायच्या आणि सोफ्यावर थोपटत हसायच्या, "सोड गो बाय, मोडशील हात!"

पुढे सासूबाईंना विसरायचा आजार जडला. आंघोळ म्हटली की त्या हटून बसायच्या, ओरबाडायच्या. एकदा वैतागून रुचिकाने त्यांचं मनगट वळवलं आणि त्या मुकाट उठल्या. मग ते रोजचंच झालं. त्या भिंतीवर थोपटत राहायच्या, पण बाथरूम येईपर्यंत रुचिका हात सोडायची नाही.

आता त्या स्वतःच्या मुलाला, सुयोगलाही ओळखत नाहीत. आज रुचिका टॉवेल घेऊन खोलीत शिरली, तसं त्यांनी गादीवर दोनदा थोपटलं.



खोलीतच बसलेल्या सुयोगचे डोळे भरून आले. "बघ, मला विसरली, पण तुला जवळ बस म्हणतेय आई."