बाईसाहेब आल्या आहेत

"हा शर्ट घालायचं कुणी सुचवलं तुम्हाला?" बाईसाहेबांनी त्याला नखशिखांत न्याहाळत विचारलं.

"मीच."

"दिसतंय."

सभागृहाच्या फाटकाशी त्या आधीच येऊन थांबल्या होत्या. त्यांना पाहून विनोदी लेखकाचा जीव भांड्यात पडला. आयुष्यभर त्याने बंद खोलीत बसून लोकांना हसवलं होतं. आज पहिल्यांदाच हसणारी माणसं समोर बसणार होती, आणि नाही हसली तर तेही समोरच दिसणार होतं.

संयोजकाने या जाहीर वाचनाचं आमंत्रण देतानाच बजावलं होतं, "एकटे आलात तर वाचक मला फाडून खातील. बाईसाहेब हव्यातच."

त्याच्या सदरात बाईसाहेब म्हणजे घरातलं सर्वोच्च न्यायालय. नवऱ्याची प्रत्येक फुशारकी त्या एका वाक्यात भुईसपाट करायच्या. लोक सदर वाचतात ते त्यांच्यासाठी, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

रंगपटात चहा आला.

"साखर किती?"

"तुम्ही घालाल तेवढी."

"घाबरलात?"

"थोडासा. पण तुम्ही आलात, फार बरं केलंत."

"तुमचा एक तरी लेख माझ्याआधी कुणी वाचलाय का? मग आजच तुम्हाला एकटं कशी सोडेन?"

खरंच होतं ते. त्याचा अगदी पहिला लेख त्यांनी निम्मा खोडला होता आणि उरलेला वाचून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या होत्या. त्या हसल्याशिवाय पुढे एकही लेख छापायला गेला नाही.

पडदा सरकला. मंचावर दोन खुर्च्या होत्या. टाळ्या ओसरल्यावर त्याने वाचायला सुरुवात केली. पहिल्या विनोदाला कुणी हूं की चूं केलं नाही. दुसऱ्याला कुणीतरी खोकलं. उठावं आणि मागच्या मागे पळून जावं, असं त्याला वाटलं.

"हा परिच्छेद काढून टाका म्हटलं होतं मी," शेजारून बाईसाहेब पुटपुटल्या.

माइकने ते सगळ्यांना ऐकवलं. मग अख्खं सभागृह हास्याच्या स्फोटाने हादरलं.

"ऐकलंत?" लेखक म्हणाला. "आणि तुम्हाला वाटतं, मी हे सगळं मनाने रचतो!"

मग हशा थांबेचना. तो वाचत गेला, त्या मधेच टोकत गेल्या.

शेवटी त्याने कागद बाजूला ठेवले. "मी लिहिलेल्यातलं निम्मं यांनी तुमच्यापर्यंत पोचू दिलं नाही. तुमच्यावर यांचे मोठे उपकार आहेत. माझ्यावर त्याहून मोठे." त्याने त्यांच्याकडे वळून हात जोडले. बाईसाहेबांनी मान वर केली आणि उगाचच छताच्या दिव्यांकडे पाहिलं.

आत आल्यावर एका म्हाताऱ्या वाचक बाईंनी दोघांचे हात हातात घेतले. "असेच राहा रे दोघं. सुखाने भांडा."

दोघांनी वाकून नमस्कार केला.

म्हातारी गेली, तेवढ्यात एक उंच गृहस्थ हातात दोन हेल्मेटं घेऊन आत शिरला. हसून हसून त्याचा चेहरा लाल झाला होता. त्याने लेखकाला कडकडून मिठी मारली.

"बहार आणलीत, लेखकराव! सदरापुरत्या बाईसाहेब तुमच्या, पण आता माझी बायको मला परत करा."