गाळलेली वाक्यं

हेल्सिंकीच्या आयनोनं नोकरी सोडताना पुण्यातल्या आपल्या वरिष्ठ टिपणीसबाईंना एकच ओळ लिहिली: "चार वर्षांत तुम्ही मला कामापलीकडचं काहीच विचारलं नाहीत."

बाईंच्या ते जिव्हारी लागलं. रोजच्या बैठकीत "जेवलीस का गं?" असं विचारल्याशिवाय त्या कामाला हात घालत नसत. मग ही पोरगी असं कसं लिहिते?

त्यांनी कानातला यांत्रिक दुभाष्या काढून तंत्रज्ञ बेहेरेपुढे ठेवला. त्यानं नोंदी उघडल्या.

"मॅडम, हा नुसतं भाषांतर करत नाही. ऐकणाऱ्याच्या देशात जे खटकेल ते गाळतो. तिकडे नसती चौकशी वाटेल म्हणून तुमचं 'जेवलीस का गं?' रोज गाळलंय."

"आणि तिचं काही गाळलं?"

"हो. आपल्याकडे साहेबापुढे घरचं रडगाणं नको, असा नियम लावलाय." बेहेरे अडखळला. "एकच वाक्य आहे. चौदा मार्चचं. 'अहवाल तयार आहे' हे तुम्हाला ऐकू आलं. त्यापुढे ती म्हणाली होती, 'काल माझी आई गेली.'"

"मी काय म्हणाले?"

बेहेरेनं पडदा त्यांच्याकडे वळवला. बाईंचं ते उत्तर मात्र दुभाष्यानं शब्दन् शब्द पोचवलं होतं.

"छान झालं. चला, पुढचा मुद्दा."