सुताराचं पत्र

सुताराने खिशातून बंद लिफाफा काढला, तसा चिटणिसाच्या हातून कपातला चहा बशीत सांडला.

उपासना नुकतीच आटोपली होती. चर्चमागच्या खोलीत बायका कप विसळत होत्या, मंडळी घोळक्याने बोलत उभी होती. सुतार म्हातारा, लेकीकडे कायमचा राहायला आलेला.

"आमच्या पाळकांनी दिलंय," तो म्हणाला. "तुमच्याच हातात द्यायला सांगितलंय. घरी जाऊन सवडीनं वाचा."

हे पत्र म्हणजे काय, ते चिटणिसाला कुणी शिकवायला नको होतं. बाहेरगावचा माणूस मंडळीत यायचा तो जुन्या मंडळीचं पत्र घेऊन. हा आमचा सभासद, चालचलणूक चांगली, याला सामावून घ्या. चिटणीस ते सर्वांसमोर वाचायचा, मग पाळक नव्या माणसाचा हात हातात घ्यायचे. पत्र नसेल त्याने प्रभुभोजनाच्या वेळी, सगळे भाकर-द्राक्षारस घ्यायला पुढे गेले तरी, बाकावर बसून राहायचं. हा नियम पाळण्यात चिटणिसाचा हात धरणारा कुणी नव्हता. स्वर्गाच्या दारात हा पेत्राकडेच पत्र मागेल, असं गायनमंडळातल्या बायका म्हणत, आणि तो ऐकून न ऐकल्यासारखं करी.

सुताराला त्याने उपासनेतच ओळखलं होतं. पाळकांनी नव्या पाहुण्याला उभं राहून गाव सांगायला लावलं, तेव्हा त्या डोंगरातल्या गावाचं नाव कानावर पडलं आणि चिटणिसाने मान वळवून पाहिलं. तीच हनुवटी. त्याच्या बहिणीसारखी.

एकतीस वर्षांपूर्वी ती बहीण नवरीच्या वेषात वेदीपुढे उभी होती, आणि नवरा, म्हणजे हाच चिटणीस, पहाटेच्या बसने पळाला होता. कारण विचाराल तर सांगण्याजोगं काही नव्हतं. पाय बसकडे वळले, एवढंच. गावच्या मंडळीने त्याचं नाव पटावरून काढून टाकलं. इथे येताना त्याने आपलं पत्र आपणच लिहिलं, खाली पाळकांची सही आपणच ठोकली. त्या पत्राच्या जोरावर त्याचं लग्न लागलं, मुलांचे बाप्तिस्मे झाले. गेली वीस वर्षं तो चिटणीस होता.

पाळक बिचारे खुशीत होते. आमचे चिटणीसही तुमच्याच भागातले, म्हणत त्यांनी दोघांना एका बाकावर बसवून दिलं.

सुतार बोलायला गोड होता. गारा पडल्या की शाळेच्या पत्र्यावर असा ताशा वाजायचा की मास्तर सगळा धडा फळ्यावर लिहून काढत, हे त्याने सांगितलं. प्रवचनात घोरणाऱ्या वडील पंचांची नक्कलही करून दाखवली. चिटणीस सावध बसला होता, पण गावाचा वारा लागला की माणूस ढिला पडतो.

"आणि घंटेची दोरी तुटली, तेव्हा पाळकीणबाई पायरीवर उभ्या राहून परात बडवायच्या," तो बोलून गेला, आणि त्याने जीभ चावली.

"तुम्हाला बरं आठवतं," सुतार हसून म्हणाला. आणखी काही विचारलं नाही.

बहीण कशी आहे, हे चिटणिसाच्या ओठांपर्यंत आलं होतं. ते त्याने चहाबरोबर गिळलं.

घरी आल्यावर लिफाफा उघडायचा त्याला धीर झाला नाही. त्यावर गावच्या मंडळीचा शिक्का होता. तो शिक्का पाहूनच त्याची मान खाली गेली. पत्र वाचलं की सुतार सभासद होणार, दर रविवारी समोर बसणार, आणि कधी ना कधी त्याला सगळं आठवणार. पत्रच नसेल तर महिना-दोन महिने वाट पाहून कंटाळेल, दुसरं चर्च धरेल. बायको शेजारी गेलेली पाहून त्याने लिफाफा तसाच मोरीत धरला आणि काडी लावली. राखेवर दोन तांबे पाणी ओतलं.

पुढच्या रविवारी प्रभुभोजन होतं. सुताराचं पत्र काही आलेलं नाही, असं त्याने पाळकांना सांगितलं. पाळकांनी संकोचत सुताराला थांबायला सांगितलं, सुताराने नुसती मान हलवली.

सगळे उठून पुढे गेले. मागच्या बाकावर सुतार एकटा उरला, आपले जाड हात मांडीवर ठेवून. रांगेतली एक बाई नवऱ्याच्या कानात कुजबुजली की याने गावाकडे काहीतरी केलं असणार. चिटणिसाने ते ऐकलं. भाकरीचा तुकडा त्याने हातातच धरून ठेवला. आपल्याला बसायला हवं त्या जागी आपण या माणसाला बसवलं, ह्याची त्याला इतकी लाज वाटली की त्याला वर बघवेना. तिला एकदा टाकून पळालो ते पुरलं नाही, आता तिच्या भावालाही चारचौघांत खाली पाहायला लावलं.

उपासना संपताच त्याने सुताराला बाहेर पायऱ्यांपाशी गाठलं.

"मी तोच आहे," तो म्हणाला. "लग्नातून पळालेला."

"ठाऊक आहे. लेकीनं तुमचं नाव कळवलं तेव्हाच कळलं."

"तुमचं पत्र आलं नाही, असं मी खोटं सांगितलं. ते मी जाळलं. उघडूनसुद्धा पाहिलं नाही. उद्याच पाळकांपुढे सगळं कबूल करतो आणि तुमच्या गावी लिहून दुसरं पत्र मागवतो."

सुतार हळूच पायरीवर बसला.

"माझं पत्र टपालानं येतंय," तो म्हणाला. "ते तुमचं होतं. तुमचं नाव परत पटावर घ्या म्हणून बहीण पंचांपुढे उभी राहिली होती. पत्रही तिनंच लिहिलं, अंथरुणात पडून, देवाघरी जायच्या आदल्या आठवड्यात."