शनिवारी हजेरी सक्तीची

दक्षिण आफ्रिकेतल्या म्दांत्साने वस्तीत माणसं पुरायची शनिवारी, आणि बँडला कार्यक्रम मिळायचे तेही शनिवारीच. लुयांदाच्या बँडमधला ट्रम्पेटवाला म्वेली फावडं घेऊन कुणा ना कुणाच्या मातीला जायचा आणि कार्यक्रमाला उशिरा उगवायचा.

"तुझ्या गल्लीत दर शनिवारी कोण मरतं रे?" लुयांदा एकदा सगळ्यांसमोर भडकला.

"दादा, खड्डा शेजाऱ्यापाजाऱ्यांनीच बुजवायचा असतो. आपणच नाही गेलो तर कोण जाणार?"

"मग जा, फावडंच वाजव!"

म्वेलीला काढलं. पुढे आणखी तीन ट्रम्पेटवाले आले नि गेले, पण नियम पक्का झाला: घरात कुणी मेलं तरी शनिवारी हजर.

दोन वर्षांनी बँडला पहिल्यांदाच मोठं मैदान मिळालं, आणि नेमकी त्याच शनिवारी लुयांदाच्या वडिलांची माती होती. बँडची पोरं मान खाली घालून म्हणाली, "आम्ही वाजवून येतो, दादा. नियम तुझाच आहे ना?"

लुयांदानं वडिलांवर मूठभर माती टाकली आणि सवयीनं आपल्या पोरांना शोधत मागे वळून पाहिलं.



फावडं खांद्यावर घेऊन धापा टाकत म्वेली येत होता. "दादा, आज उशीर नाही ना झाला?"