नळी रुळेपर्यंत

मेव्हणीची निवड झाली नाही. पण सकाळी हे कोणालाच माहीत नव्हतं, तेव्हा आपणही ऐकलंच नाही असं धरून चालू. अजून ती नेमबाजीच्या मैदानावर आहे, संघात एकच जागा रिकामी आहे, पुढची निवड चार वर्षांनी आहे, आणि इकडे कारखान्याच्या चाचणीखोलीत तिचे भावोजी रायफलची नळी मुळ्यासारखी कापत बसलेत.

कापणं हेच त्यांचं काम होतं. वरच्या साहेबांना आखूड नळीची रायफल काढायची होती, आणि नळी इंचभर आखूड केली की गोळीचा वेग किती घटतो, ते त्यांना हवं होतं. ते कळायला उपाय एकच. गोळ्या झाडायच्या, वेग मोजायचा, इंचभर कापायचं, कापलेलं तोंड घासून गुळगुळीत करायचं, पुन्हा झाडायच्या. यात नळीची योग्य लांबी अगदी नक्की कळते, फक्त तोवर ती लांबी जमिनीवर पडलेली असते. भावोजींना या कामात तत्त्वज्ञान दिसायचं. त्याच कारखान्याच्या भांडारात काम करणाऱ्या त्यांच्या बायकोला धुवायच्या शर्टात लोखंडाचा भुसा दिसायचा.

आजची नळी तर भावोजींना फारच आवडली होती. नवी नळी सहसा नखरे करते. आतला खरखरीतपणा गोळ्यांनी घासून जाईपर्यंत वेग थोडा थोडा वाढतच राहतो. साठ-सत्तर गोळ्या खाल्ल्या की ती रुळते आणि मग एका सुरात चालते. त्याआधी कापाकापी केली तर आकडे खोटे येतात. ही मात्र पहिल्या गोळीपासून एका सुरात होती.

"जन्मतःच शहाणी गं तू," भावोजी तिला मोठ्यानं म्हणाले. रुळवण्याचे सोपस्कार रद्द करून त्यांनी करवत उचलली.

आठ-नऊ तुकडे पडले असतील, तेवढ्यात फोन वाजला.

"भावोजी, माझी नळी मला ओळखत नाहीये."

"म्हणजे?"

"आत्ताच सरावाच्या गोळ्या मारून आले. प्रत्येक गोळी आधीच्यापेक्षा वर लागतेय. मी तसूभर हललेली नाहीये. दोन वर्षांत असं कधी केलं नाही तिनं. परवा साफ करताना तुम्ही तिला काही बोललात का?"

भावोजी हसायला गेले आणि अर्ध्यातच थांबले. गोळी वर चढतेय, म्हणजे वेग वाढतोय. वेग वाढतोय, म्हणजे नळी अजून रुळतेय. म्हणजे नळी नवी आहे.

परवा त्यांनी मेव्हणीच्या रायफलची नळी सोडवून घासली होती, इतक्या मायेनं की ती आजच घडवल्यासारखी चमकू लागली. शेजारीच चाचणीची नवी नळी पडली होती. त्याच साच्यातली, त्याच लांबीची. ती द्यायला आलेली बायको म्हणाली होती, "अहो, दोघींना चिठ्ठ्या चिकटवा." त्यावर भावोजी म्हणाले होते, "उद्या म्हणशील, मुलांच्या गळ्यातही बांधा. अगं, मला हाताला कळतं."

"ऐकताय ना?" मेव्हणीनं विचारलं.

"ती तुझी नळी नाहीये."

 फोनमध्ये तिच्या मागे कोणीतरी स्पर्धकांचे क्रमांक पुकारत होतं.

"मग माझी कुठाय?"

भावोजींनी टेबलाकडे पाहिलं.

"इथेच आहे," ते म्हणाले. "बऱ्याच ठिकाणी."

तिनं आरडाओरडा केला नाही. केला असता तर भावोजींना जरा बरं वाटलं असतं.

"आता काय करू, तेवढं सांगा."

"ती चढत राहील. ती चढेल तसं तू खाली धर."

"किती खाली? आणि कुठवर?"

"ते तिच्याच कलानं घे. रुळली की आपोआप थांबेल."

"वा! म्हणजे बाकीचे स्पर्धा खेळणार, आणि मी भर मैदानात नव्या सुनेला वळण लावणार." तिनं फोन ठेवला.

साठ गोळ्यांचा सामना होता. सुरुवातीच्या गोळ्या शिडी चढल्यासारख्या वर गेल्या. मग तिनं खाली धरलं तर जास्तच खाली बसल्या. कधी हिचं चुकलं, कधी नळीचं. चाळिशीच्या आसपास दोघी एकदाच्या एका सुरात आल्या. शेवटच्या वीस गोळ्या शर्टाच्या बटणाखाली झाकतील इतक्या जवळ लागल्या. त्या दिवशी तशा वीस कोणालाच जमल्या नाहीत, जिची निवड झाली तिलाही नाही. बेरजेत मात्र मेव्हणी दुसरी आली, आणि जागा एकच होती.

संध्याकाळी ती चाचणीखोलीत आली. एक तुकडा उचलून तिनं डोळ्याला लावला.

"यातून अजून सरळच दिसतं," ती म्हणाली.

"ती नवी नळी रायफलवरून काढून देऊ का?" भावोजींनी जमिनीकडे बघत विचारलं.

"राहू द्या. आता ओळख झालीय आमची." आणि तुकडा होता तिथे ठेवून ती गेली.

मग भावोजींनी टेबलाचा एक कोपरा रिकामा केला आणि निवड समितीला अर्ज लिहिला: "महोदय, उमेदवाराच्या पहिल्या चाळीस गोळ्या खाली सही करणाराच्या नावे नोंदवून सदर इसमास नापास करण्यात यावे, उर्वरित वीस गोळ्या उमेदवाराच्या नावे धरून निकाल नव्याने जाहीर करावा, आणि सदर इसम त्या वेळी मैदानावर हजर नव्हता ही किरकोळ बाब आड येऊ देऊ नये, ही नम्र विनंती."