चाकाखालची वीट

चढावर इंजिन धापा टाकायचं आणि उतारावर ब्रेक रुसायचे. दारासमोरच्या उतारावर ती जुनी गाडी उभी करायची, तर चाकाखाली वीट लावावी लागे. शेवटी मेकॅनिकनेही हात जोडले, तेव्हा "लोण्यासारखी पळते हो!" असं बेधडक सांगत अण्णांनी ती एका दलालाच्या गळ्यात मारली.

होणारे जावई त्या रविवारी पहिल्यांदाच घरी यायचे होते. "त्यानं परवाच गाडी घेतलीय, अण्णा," लेक कौतुकाने म्हणाली. "जुनी आहे, पण लोण्यासारखी पळते म्हणे!"

इतक्यात कोपऱ्यावरून ओळखीची धाप ऐकू आली. "आले वाटतं जावईबापू!" म्हणत बायको पुढच्या दाराकडे धावली.



अण्णा मागच्या दाराकडे धावले, वीट आणायला.